पाहिलं तसं लिहिलं

तरुणपणी फार बारीक अक्षर काढायची सवय लावून घेऊ नये, कारण म्हातारपणी ते आपलं आपल्यालाच वाचता येत नाही. तेव्हा आधीपासून मध्यम अक्षरच लिहावं. हा सल्ला कुठल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नाही, समर्थ रामदासांचा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातल्या पहिल्या समासाचं नावच मुळी 'लेखनक्रिया निरूपण' असं आहे. दासबोध म्हटलं की आपल्याला मूर्खांची लक्षणं आठवतात (बहुतेक वेळा दुसऱ्याची). पण या समासात समर्थ चक्क पोथी कशी लिहावी ते शिकवतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच लेखणीनं लिहिलंय असं वाटलं पाहिजे. शाईचा काळेपणा मध्येच फिका पडता कामा नये. ओळी सरळ हव्यात, काना-मात्रा शेजारच्या ओळीत घुसायला नको. पानाच्या चारी बाजूंना भरपूर जागा सोडावी, म्हणजे कागद कडेनं झडत गेला तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

हे शेवटचं मला फार आवडलं. पुस्तक नवं कोरं असतानाच ते झिजणार हे गृहीत धरायचं, आणि झिजायला जागा ठेवायची!

गेलं वर्षभर मी हे असलं बरंच काही वाचतेय. त्याला कारण आहे आजीची वही. पण वहीकडे येण्याआधी थोडं पोथ्यांबद्दल सांगते.

आपल्याकडची पोथी आडवी आणि लांबट असते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. याचं मूळ ताडपत्रात आहे. ताडाचं पान जेवढं रुंद तेवढीच पोथी रुंद. पुढे कागद आला, तो हव्या त्या आकाराचा करता येत होता, पण पोथीनं आपला जुना आकार सोडला नाही. पानं सुटीच राहिली, खालीवर लाकडी फळ्या आल्या, आणि सगळ्याला कापडाचं बासन. पानाला पाठ आणि पोट असतं आणि क्रमांक घालायचा तो पाठीवर, समासात.

कागद हाताचा. जुन्नरी कागद आणि दौलताबादी कागद ही त्या काळातली नावाजलेली नावं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची वस्तीच होती, आणि पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे. चिंध्या, सण, जुना कागद भिजवून कुटायचा, त्याचा लगदा पाण्यात कालवून साच्यावर उचलायचा, वाळवायचा. तेवढ्यावर भागत नाही. तसल्या कागदावर शाई फुटते. म्हणून वर खळ लावायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटीव कागद म्हणतात तो हा.

शाई काजळाची. तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर भांडं उपडं घालायचं, जमलेलं काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायचं. जितकं जास्त खलाल तितकी शाई चांगली. श्लोकांचे आकडे, 'उवाच', अध्यायाचा शेवट यांसाठी हिंगुळाची लाल शाई. आणि अक्षर चुकलं तर? त्यावर हरताळ फासायचा आणि त्यावर पुन्हा लिहायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण येताजाता वापरतो, तो असा लेखनिकाच्या बैठकीवरून आलाय.

लेखनिकाची मजुरी मोजायची एक सुंदर पद्धत होती. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात ३२ अक्षरं असतात. मग मजकूर गद्य असो की पद्य, दर ३२ अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरायचा आणि हजारावर हिशेब करायचा. म्हणजे शब्द कुणाचे का असेनात, श्रम अक्षराला मोजलेले.

आता मुद्द्याकडे येते. अशा प्रकारे एक पोथी तयार व्हायची. तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. आपल्याला वाटतं की जुनी पुस्तकं टिकली ती कागद चांगला म्हणून. तसं नाहीये. बहुतेक सगळी टिकली ती कुणीतरी पुन्हा लिहून काढली म्हणून. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं ग्रंथाच्या शेवटीच म्हटलंय. ती मूळ प्रत आज नाही. पुढच्या जवळजवळ ३०० वर्षांत नकलांवर नकला झाल्या, आणि दर नकलेत काहीतरी बदललं. कुणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्यानं नवा घातला, कुणी ऐकीव लिहिलं, कुणाला भक्तीच्या भरात स्वतःची ओवी घालायचा मोह झाला. शके १५०६ मध्ये (१५८४) एकनाथांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं, की यापुढे यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

महानुभावांच्या लीळाचरित्राची गोष्ट तर आणखी विलक्षण. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांना विचारून विचारून ते लिहिलं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, असं परंपरा सांगते. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ.

तुम्ही म्हणाल, छपाई आली आणि हे सगळं संपलं. मलाही तसंच वाटायचं. पण गोव्याचंच बघा. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं दहा हजारांहून जास्त ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग आपल्याला क्रिस्तपुराण मिळालं कसं? लोकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे! मंगळूरला १९०७ साली सालढाणांनी ते छापलं ते अशा हस्तलिखितांवरून. लंडनच्या मार्सडेन संग्रहात तर त्याची देवनागरीतली हस्तलिखित प्रत आहे. छापलेलं गेलं आणि लिहिलेलं राहिलं.

आणि छपाई आली तरी हात लगेच सुटला नाही. नाना फडणविसांच्या मनात गीता छापायची होती. ते १८०० साली गेले आणि काम राहिलं. पुढे मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ मध्ये ती छापली गेली, तांब्याच्या पत्र्यावर अक्षर न् अक्षर उलटं कोरून. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. शाईत चरबी असेल म्हणून सोवळी माणसं छापील कागदाला शिवत नव्हती, तेव्हा त्यांनी म्हणे शाईत तूप घातलं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापली तीही शिळाछापच. आणि शिळाछाप म्हणजे काय, तर लेखनिकानं तेलकट शाईनं लिहायचं आणि ते दगडावर उतरवून त्याच्या प्रती काढायच्या. यंत्र आलं, पण अक्षर अजून माणसाचंच होतं.

तर आता आजीची वही.

घरच्या मंडळींना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आजीनं १९४९ मध्ये एक जाड रेघी वही सुरू केली आणि सत्तरच्या दशकात कधीतरी ती भरली. त्यात पाककृती आहेत, काढे आहेत, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आहेत, हातउसन्याचे हिशेब आहेत आणि मधूनमधून नुसत्याच नोंदी. 'आज विहिरीला पाणी लागलं' अशा. वही आत्याकडे असते. आता पानं बिस्किटासारखी मोडायला लागली आहेत. चुलत भावानं तिचे सगळे फोटो काढून न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंत सगळ्यांना पाठवले, ते उत्तम झालं. पण आत्या ८६ वर्षांची आहे. तिला फोनवर काही दिसत नाही आणि आजीचं अक्षर समर्थांचा सल्ला न मानलेलं, मुंगीएवढं बारीक. ती म्हणाली, "मला हातात धरता येईल असं मोठ्या अक्षरात दे काहीतरी."

टाइप करून प्रिंट काढता आली असती, हे मान्य. पण मला लिहायचं होतं.

हातकागद पुण्यात मिळतो. विकणाऱ्यानं आधीच सांगितलं की खळ लावलेला मागा, नाहीतर शाई पसरेल. बोरू कापायला मात्र शिकावं लागलं. देवनागरीसाठी टोकाचा तिरपा काप इंग्रजी अक्षरांच्या निबेच्या उलट बाजूला असतो. त्यावर अक्षराचा जाड-बारीकपणा ठरतो. ओळींसाठी जुनी युक्ती केली. पुठ्ठ्यावर सारख्या अंतरानं दोरे ताणून बांधले, त्यावर कागद ठेवला आणि बोट फिरवलं की ओळी उमटतात. पेन्सिल नको, खोडरबर नको. काजळाची शाईही हौसेनं केली. दोन रात्री दिवा जाळून चमचाभर काजळ मिळालं, आणि ते खलताना हाताला घट्टे पडायची वेळ आली.

पानं सुटी ठेवून पोथी करावी असा माझा बेत होता. आत्यानं तो एका वाक्यात मोडला. "सुटी पानं मी कुठे सांभाळत बसू? शीव." मग चार-चार ताव मध्ये दुमडून त्यांचे जुज केले, दाभणानं भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्यानं जुज एकमेकांना शिवले. खळीत चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. पुठ्ठ्यावर आत्याच्याच जुन्या इरकलीचं कापड.

दिवसाला दोन पानं व्हायची. त्याहून जास्त लिहायला गेलं की अक्षर ढेपाळतं. आणि दोन पानं लिहिताना माणूस जितकं वाचतो तितकं तो एरवी कधीच वाचत नाही. तीच वही मी लहानपणापासून पाहत होते, फोटोही सगळे पाहिले होते. पण अक्षर न् अक्षर उतरवताना लक्षात आलं, की वहीच्या सुरुवातीला पैसे आण्यांत आहेत आणि पुढे 'न. पै.' सुरू होतात. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. वजनं आधी शेर, पावशेर, नवटाक, तोळा अशी आहेत. १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं यायला लागली, पण आजी त्यानंतरही कितीतरी पानं नवटाकावरच अडून बसलेली आहे. मग एका पानावर अचानक '२५० ग्राम', आणि शेजारी कंसात 'पावशेर'. नवं शिकलेलं स्वतःलाच समजावून सांगत असावी.

इथून निर्णय सुरू झाले. न्यू जर्सीची बहीण म्हणाली, लिहितेच आहेस तर सगळं ग्रॅममध्ये कर ना! मागणी अगदी रास्त. पण शेर कुठला धरायचा? पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. कच्चा शेर वेगळा, गावागणिक वेगळा. आणि धान्याचा शेर तर वजनाचा नाहीच, मापाचा. आत्याला विचारलं तर तिनं हातानं आकार दाखवला, "ते पितळेचं माप होतं बघ, एवढं." वहीत नसलेली माहिती तिच्या तळहातात होती. शेवटी मी असं ठरवलं, की मजकुरात आजीचा शेर तसाच राहील आणि ग्रॅमचा अंदाज समासात लाल शाईनं. समास त्यासाठीच असतो.

दुसरा निर्णय अवघड होता.

अनारशांच्या पानावर, अगदी कडेला, १९५६ च्या तारखेखाली एक ओळ आहे. 'पाटल्या मोडल्या. फी भरली.' एवढीच. फोटोत ती कडा कापली गेली होती, म्हणून कुणाच्या नजरेला आली नव्हती. थोरल्या काकांच्या कॉलेजची पहिली फी आजोबांनी ऑफिसातून कर्ज काढून भरली, हे आमच्या घरातलं ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य. काकांनाही तेच माहीत होतं.

मी काकांना फोन करून सांगितलं. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेवढी ओळ गाळ. पाककृतींच्या वहीत ती कशाला?" आणि थोड्या वेळानं, "तिनं मला सांगितलं नाही कधी. आता सगळ्यांनी वाचायचं ते?"

त्या रात्री मी काही लिहिलं नाही. काकांचं म्हणणं चूक नव्हतं. आजीनं ती ओळ कुणाला दाखवण्यासाठी लिहिली नसणार. दाखवायची असती तर एवढी कडेला लिहिली नसती. पण लपवायचीच असती तर लिहिलीच नसती, हेही खरं. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक ठरावीक संस्कृत श्लोक लिहायचे. त्याचा आशय असा, की जसं पुस्तक समोर पाहिलं तसं मी लिहिलं. शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. मी त्याला आजवर हात झटकणं समजत होते. त्या रात्री तो वेगळा वाटला. समोर जे आहे ते माझं नाही, मला त्यातलं काही वगळायचा अधिकार नाही, अशी ती कबुली आहे. सुधारणा करायचा अधिकार एकनाथांसारख्याला. त्यांनीही प्रती ताडून पाहून, काय मूळचं आणि काय नंतर घुसलेलं ते ठरवून सुधारलं. आवडलं नाही म्हणून काढलं नाही.

आत्याला विचारलं. वही तिच्याकडे असते आणि नवी प्रतही तिच्यासाठीच. ती म्हणाली, "आईनं लिहिलंय ना? मग लिही."

लिहिली. त्याच जागी, कडेला, बाकीच्या मजकुराइतक्याच अक्षरात. लाल शाई वापरली नाही, रेघ मारली नाही. फक्त आजूबाजूला जागा जास्त सोडली, कागद झडला तरी ती ओळ झडू नये म्हणून. काका हे वाचतील याची मला कल्पना आहे. या विषयावर ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

प्रत पुरी झाल्यावर शेवटी प्रथेप्रमाणे तिथी, वार, गाव लिहिलं आणि 'पाहिलं तसं लिहिलं' असं साध्या मराठीत घातलं. पुढे सोळा पानं कोरी ठेवली आहेत. मूळ वही सुती कापडात गुंडाळून आत्याच्या कपाटात वरच्या खणात आहे; तिला तेल आणि पाणी लागू देऊ नका, हेही जुन्या लेखनिकांचंच सांगणं. पुढची प्रत ज्याला करायची असेल त्यानं माझ्या प्रतीवरून न करता मूळ वही समोर ठेवून करावी, एवढी विनंती.

नवी प्रत आत्याला नेऊन दिली त्याला आता दोन महिने झाले. परवा गेले तर ती गॅलरीत बसून वाचत होती. डिंकाच्या लाडवांच्या पानावर, मी सोडलेल्या समासात, तिनं बॉलपेननं थरथरत्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'खारीक आधी उन्हात घालायची. आई हे लिहायची राहिली.'